बॅटरीबाईंचा हात

बॅटरीबाईंना एकच व्यसन होतं, बढाया मारण्याचं. त्यांनी धुतलेली चादर गल्लीत सगळ्यांत पांढरी असायची, त्यांच्यासारखा समजूतदार जावई दुसऱ्या कुणाला मिळालेला नसायचा, आणि त्यांना झालेला खोकलासुद्धा शेजारणीच्या खोकल्यापेक्षा वरच्या दर्जाचा असायचा. लोक ऐकून घ्यायचे, कारण बाई मनाने चांगल्या होत्या आणि चादर खरोखरच पांढरी असायची.

नाव पडलं होतं ते जुन्या नोकरीवरून. तरुणपणापासून त्या एका थिएटरात होत्या. सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना अंधारात बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. "माझ्या नोकरीत कुणाचा कुणाच्या पायावर पाय पडला नाही," असं त्या सांगत. पुढे थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं आणि बाई घरी बसल्या.

तेवढ्यात सरकारला ऑटिझम असलेल्या मुलांची आठवण झाली. या मुलांनाही साध्या शाळेत इतरांबरोबर शिकता यावं म्हणून एक धोरण निघालं आणि गरज असेल त्या मुलाला वर्गात एक मदतनीस मंजूर झाला. मदतनीस कसा असावा यावर धोरणात बरीच पानं खर्ची पडली होती. तो आणायचा कुठून, हे लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. म्हणून जे सापडले त्यांना घेतलं, त्यात बॅटरीबाई सापडल्या. मुलाखतीत अनुभव विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकांना न धडपडता जागेवर बसवण्याचा." साहेबांनी 'संबंधित अनुभव आहे' असा शेरा मारला.

त्यांच्या वाट्याला आली दुसरीतली एक मुलगी. तिची आई औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, घरात दोघीच. मुलगी कमी बोलायची, पण जे बोलायची ते हुकूम सोडल्यासारखं. "झाकण." "पाणी नको." "उठा." बाई तिला 'साहेब' म्हणू लागल्या. साहेबांचं एकच दुखणं मोठं होतं. घंटा वाजली, खुर्ची करकरली की त्या बाकाखाली शिरायच्या, मनगट चावायच्या आणि तासभर बाहेर यायच्या नाहीत. आधीच्या शाळेने याच कारणासाठी 'ही घरीच बरी' असं आईला सांगून टाकलं होतं.

बाईंनी थोडे दिवस नुसतं पाहिलं. थिएटरात बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची नसते, पुढच्या पायरीवर मारायची असते, एवढं त्यांना ठाऊक होतं. घंटा देणारा शिपाई खिडकीतून दिसायचा. तो हातोडा उचलायला निघाला की बाई आपला तळहात बाकावर सपाट ठेवायच्या. म्हणजे आवाज येतोय. मुलगी दोन्ही कानांवर हात दाबायची. आवाज संपला की बाई हात उचलायच्या, मुलगी कान मोकळे करायची आणि पुढची ओळ लिहायला घ्यायची. हे जमायला बरेच महिने लागले. मग मात्र मुलगी वर्गात बसू लागली, धडा वाचू लागली, एकदा तर शेजारणीला स्वतःहून खोडरबर दिलं. त्या खोडरबराची हकिकत गल्लीत इतक्या वेळा सांगून झाली की लोक बाई दिसल्या की रस्ता बदलायचे.

इकडे वरच्या कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की मदतनीस अजूनही मदतच करताहेत. मदत घेणाऱ्या मुलांची संख्या काही कमी होईना. अर्थात मदत नीट होत नाही, असा निष्कर्ष निघाला. धोरणाला 'स्वावलंबन' असं नवं नाव मिळालं. आता दरवर्षी समिती मुलाला तपासणार. मूल छान असलं तर मदतनीस काढायचा, मूल बिघडलेलं असलं तर ठेवायचा. वर्गावरच्या मॅडमनी बाईंना हे समजावून सांगितलं आणि स्वतःच कपाळाला हात लावला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मुलीची आई बॅटरीबाईंकडे आली.

"मावशी, उद्या तुम्ही आत येऊच नका. तुमच्याशिवाय तिचं काय होतं ते दिसू दे त्यांना. तुम्ही गेलात तर तिची शाळा गेली. मी काही दुकान सोडून तिच्याजवळ बसू शकत नाही."

"अगं, माझ्या तोंडाला कुलूप समज."

"तोंडाला नंतर घाला. आधी पायांना घाला."

समितीत तिघं होते. एक शिक्षण खात्याचे मोठे साहेब. दुसरे डॉक्टर, मुलांच्या मनाच्या डॉक्टरांची जागा रिकामी होती म्हणून नाक-कान-घशाचे बोलावले होते. तिसरे पालकांचे प्रतिनिधी, ज्यांचा मुलगा केव्हाच शिकूनसवरून निवृत्तीला आला होता. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, दार किलकिलं होतं. आत साहेबांनी खुर्ची ओढली आणि मुलगी टेबलाखाली गेली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दाराशी उभ्या असलेल्या आईने डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "हिला तर काहीच येत नाही. इतके दिवस ती बाई करत काय होती? झोपा काढत होती?"

बॅटरीबाईंना चोर म्हटलेलं चाललं असतं. त्या उठल्या, दार ढकलून आत गेल्या, टेबलाशेजारी बसल्या आणि तळहात टेबलावर ठेवून उचलला. मुलगी बाहेर आली. मग बाईंनी तिच्याकडून धडा वाचून घेतला, गणित करून घेतलं. साहेबांचा फोन वाजणार हे त्याच्या थरथरण्यावरून ओळखून हात पुन्हा टेबलावर ठेवला, आणि मुलीने ती भसाडी रिंग कान दाबून निमूट सोसली. वर खोडरबराची हकिकतही सांगून झाली. डॉक्टरांनी 'कान उत्तम' असं लिहिलं. साहेब उभे राहिले.

"बाई, हे यश तुमचं. हिला आता मदतीची गरजच उरलेली नाही."

बाई फुलून आल्या होत्या. दाराशी मुलीची आई दिसली तेव्हा त्यांना आपण काय केलं ते कळलं.

"तुम्हाला फक्त बाहेर बसायचं होतं, मावशी," आई म्हणाली आणि मुलीला घेऊन निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

यशाचं पोस्टर करायचं ठरलं. फोटोग्राफर आला, पण हात बाकावर असल्याशिवाय मुलगी कॅमेऱ्यासमोर बसेना. शेवटी बाईंनी हात बाकावर ठेवायचा आणि बाकीचं अंग चौकटीबाहेर न्यायचं, अशी तडजोड झाली. पोस्टरवर कान दाबून पुस्तकात बघणारी मुलगी, कडेला मनगटापाशी कापलेला एक सपाट तळहात आणि वर ठळक अक्षरांत 'माझं मी'. ते सगळ्या शाळांच्या फाटकांवर लागलं, आणि बाईंची नोकरी संपली.

मुलगी पुन्हा बाकाखाली गेली. रोज दुकानात फोन, रोज आई धावत शाळेत. हेडबाई वाईट नव्हत्या, पण अडकल्या होत्या. "मदतनीसाशिवाय मी हिला ठेवू शकत नाही," त्या म्हणाल्या, "आणि मदतनीस मागू शकत नाही, कारण हिला तो लागत नाही असं सरकारने छापलंय. सहामाहीपर्यंत बघू. नंतर घरी न्या." आईने अर्ज केला. उत्तर आलं की निर्णय बदलता येतो, परंतु पोस्टरं छापून झाली आहेत.

आणखी एक गोष्ट छापणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. फाटकापाशी आली की मुलीला पोस्टरवरचा हात दिसायचा. हात खाली आहे म्हणजे आवाज येणार. ती कान दाबून उभी राहायची, आणि कागदावरचा हात काही उचलला जायचा नाही. शाळा भरायची, फाटक बंद व्हायचं, मुलगी तिथेच. हे कानावर आलं तेव्हा बाई सकाळी फाटकावर गेल्या, छापील हातावर आपला हात ठेवला आणि उचलला. मुलीने कान सोडले आणि ती आत गेली. मग हे रोजचं झालं. पहारेकरी म्हणायचा, "पोस्टरला हात लावू नका, सरकारी आहे."

"हात माझा आहे," बाई म्हणायच्या.

आईने पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा साहेब स्वतः पाहायला आले. सकाळीच, फाटकावर. मुलगी पोस्टरसमोर कान दाबून उभी होती. बाई आल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मुलीने मान वळवली. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. तिने बाईंचा हात शोधला. जिथे असायला हवा तिथे तो नव्हता. ती पोस्टरकडे बघायची, पुन्हा बाईंकडे.

"चल बाळ, आत जाऊ," म्हणत साहेबांनी तिचा एक हात कानावरून ओढून काढला, आणि नेमका त्यांच्या खिशातला फोन खणखणला. मुलगी खाली कोसळली. तिने डोकं जमिनीवर आपटलं, मनगट तोंडात धरलं, आणि तिची किंकाळी रस्त्यापलीकडे गेली. पोरं गोळा झाली. एक पाऊल पुढे टाकलं की झालं असतं. बाईंनी ते टाकलं नाही. पाठीमागे त्यांची नखं तळव्यात रुतत होती, आणि त्यांना स्वतःची किळस येत होती.

साहेब मागे सरकले. "मूल बरंच खालावलंय," ते समाधानाने म्हणाले. "आता मदतीला पात्र आहे." त्यांनी आईचं अभिनंदन केलं.

मग बाई जमिनीवर बसल्या. त्यांनी हात पुढे करून फरशीवर ठेवला, उचलला, परत ठेवला. त्या दिवशी मुलीने तिकडे पाहिलं नाही.

मंजुरी आली आणि बॅटरीबाई पुन्हा मुलीशेजारी बसू लागल्या. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीआधी खिडकीतून शिपाई निघालेला दिसला. बाईंनी तळहात बाकावर ठेवला. मुलगी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने एक हात आपल्या कानावर दाबला आणि दुसऱ्याने बाईंचं मनगट गच्च धरलं, हात पुन्हा पाठीमागे जाऊ नये म्हणून. घंटा वाजली. उघड्या कानात तो सगळा आवाज गेला. तिचं अंग थरथर कापत होतं, पण ती बाकाखाली गेली नाही आणि तिने मनगट सोडलं नाही.

एवढ्या गोष्टीवर बॅटरीबाईंनी एरवी अख्खी गल्ली वर्षभर जागवली असती. मॅडम वह्या गोळा करत मागच्या बाकापर्यंत आल्या.

"काय बाई, आज काही प्रगती?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं.

"काही नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "अजिबात काही नाही."