पटतं का, गणितवाले?

फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून झालं की मास्तर खडूचे दोन तुकडे करायचे. एक स्वतःच्या बोटांत ठेवायचे आणि दुसरा वर्गापुढे धरायचे. "थोर माणूस म्हणाला, ठीक आहे. पण तुम्हाला पटतं का? ज्याला पटत नाही त्यानं यावं आणि का ते खाली लिहावं." मग खिडकीच्या गजांना टेकून उभे राहायचे, हात तसाच पुढे. पोरं त्या अर्ध्या खडूकडे मास्तरांनी विंचू धरल्यासारखी बघायची. बराच वेळ कुणी उठलं नाही की खडू कोटाच्या खिशात जायचा. त्यांच्या काळ्या कोटाचा उजवा खिसा कायम पांढरा असे.

हिंगोलीच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. निजामी अमदानी होती. बाकीचे विषय उर्दूतून, घरची बोली मराठी, त्यात इंग्रजी म्हणजे तिसऱ्याच गावची पाहुणी. तिच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नसे. आमची बिऱ्हाडं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे शाळा सुटली तरी मास्तर मला सुटत नसत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, "काय गणितवाले" म्हणत.

त्यांचं एक ठाम मत होतं. भाषा पाठांतरानं येत नाही, भांडताना येते. "बाजारात जाऊन बघा," ते म्हणायचे. "जे पोरगं बापापुढे तोंड उघडत नाही, ते बोरं विकणारीशी कसं घडाघडा बोलतं. का? तिचं म्हणणं त्याला पटलेलं नसतं." म्हणून धड्यांचं पुस्तक बाजूला ठेवून ते रोज एका थोर माणसाचं एक वाक्य फळ्यावर लिहीत. कुणाचं ते सांगत नसत. नाव कळलं की पोरं आधीच हात जोडतील, अशी त्यांना भीती. नुसतं वाक्य पुढे ठेवायचं आणि पोरांना त्याच्याशी भांडू द्यायचं, असा सगळा बेत.

बेत चांगलाच होता. फक्त आमची माणसं तुम्हाला माहीत आहेत. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्यात मास्तरांनी लिहिलेलं, आणि तेही फळ्यावर. सबंध वर्ग एका सुरात म्हणायचा, "यस सर, ही इज राईट." तेवढं एक इंग्रजी वाक्य मात्र पोरांना उत्तम येत होतं.

एकदा त्यांनी युक्ती केली. एका दिवशी धीराची थोरवी सांगणारं वाक्य लिहिलं. वर्ग म्हणाला, बराबर. दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं लिहिलं, की वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वर्ग म्हणाला, बराबर.

"अरे, मग काल काय म्हणालात?" मास्तरांनी विचारलं.

पुढच्या बाकावरचा एक जण अदबीनं उठला. "काल ते बराबर व्हतं, मास्तरसाब."

हे सांगताना माझ्या ओट्यावर बसून ते इतके हसले, की माझी बायको आतून बघायला आली.

पुढे तपासणीला एक मोठे साहेब आले. फळ्यावरचं वाक्य त्यांनी वाचलं आणि गडबडीत अर्थ उलटाच सांगितला. मास्तरांचे डोळे चमकले. आता तरी कुणी उठेल, असं त्यांना वाटलं असावं. सगळा वर्ग उभा राहिला आणि म्हणाला, "यस सर, यू आर राईट." साहेब खूश झाले. इतका शिस्तीचा वर्ग आपण पाहिला नाही, असं जाताना हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तरांनी मास्तरांची पाठ थोपटली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

मला हे सगळं जरा अति वाटायचं. माझ्या विषयात सात आठे छप्पन्न, कुणाला पटो न पटो. पण एका संध्याकाळी आम्ही स्टेशनवर बसलो होतो. पूर्णेहून येणारी गाडी हिंगोलीला येऊन संपायची, पुढे रूळच नव्हते. गाडी रिकामी झाल्यावर फलाटावर निवांत असे, म्हणून आम्ही तिथं जायचो. तिथं ते पहिल्यांदा बायकोबद्दल बोलले.

ते मूळचे पैनगंगेपलीकडचे, वऱ्हाडातले. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा नवरा-बायको दोघंच होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ते चुलीपुढे पाट टाकून बसायचे आणि एकेक वाक्य वाचून तिला मराठीत सांगायचे. ती भाकरी थापता थापता त्याला उत्तर द्यायची.

"एकही वाक्य सरळ जाऊ द्यायची नाही," ते म्हणाले. "एकानं लिहिलं होतं, साधेपणात सुख आहे. ती म्हणाली, त्याला म्हणावं, आधी आडाचं पाणी शेंद आणि मग लिही. दुसऱ्यानं मौनाचं कौतुक केलं होतं. ती म्हणाली, याची बायको बोलत असेल, तिला विचारा. कधीकधी आमचं जेवण राहायचं. मी चिडायचो, गणितवाले. खरंच चिडायचो."

विषमज्वरात ती गेली, मी हिंगोलीत येण्याआधीच. "मग वर्षभर मी काही वाचलं नाही," ते म्हणाले. "वाचलं की पटायचं. एकट्या माणसाला सगळंच पटतं हो. स्वतःशी किती वेळ भांडणार?"

फळ्यावरची वाक्यं त्यानंतर सुरू झाली होती. मला तेव्हा त्यांची फार दया आली. मी म्हणालो, "खरं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून चालायला लागले.

साखरा गावचा एक पोरगा शाळेत आला तो त्यानंतर. शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातला, उंच, मुका म्हणावा इतका अबोल. हिंगोलीत मामाकडे राहायचा. एके दिवशी मास्तरांनी पुन्हा ते धीराचं वाक्य लिहिलं आणि खडू पुढे केला. मागच्या बाकावरून आवाज आला, "नो सर."

माझा वर्ग शेजारीच होता. तिकडे एकदम इतकं शांत झालं, की मी फळा पुसायचा थांबलो.

"काहून?" मास्तरांनी विचारलं. एरवी त्यांची मराठी पुस्तकी, पण त्या क्षणी तोंडून असं निघालं.

"धीर त लांडगा बी धरते, साब," पोरगा म्हणाला. "झुडपामागं बसून राहते दिवसभर. मंग शेळी त्याचीच का?"

मास्तरांनी त्या मुलाला खडू दिला, आपली खुर्ची दिली, आणि पुढचा सगळा तास त्या लांडग्याला इंग्रजीत आणण्यात गेला. दुसरा एक जण म्हणाला, राखणारा धीर धरतो तो वेगळा. तिसऱ्यानं त्याला खोडून काढलं. घंटा वाजली तरी वर्ग उठेना. त्या संध्याकाळी मास्तरांनी ही हकिगत मला सांगितली, माझ्या बायकोला सांगितली, समोरच्या पिंजाऱ्याच्या घरी जाऊन सांगितली. पिंजारणीला आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिनं मास्तरांना गूळ दिला.

मला वाटतं, तेवढं एक वर्ष त्या माणसाचं सुखाचं गेलं. इस्त्रीचा कोट घालायला लागले होते.

मग दिवस फिरले. राज्य राहणार की जाणार, यावर गावोगाव तणातणी सुरू झाली. सभा, धरपकड, रात्रीचे पहारे. वर्गातले बाक रिकामे पडू लागले. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, पोरांना काय पटतं आणि काय नाही हे विचारायचे हे दिवस नव्हेत, धडे वाचा. मास्तर धडे वाचू लागले. साखऱ्याचा पोरगा एकदा गावी गेला तो आलाच नाही.

एका शुक्रवारी मास्तर मला घेऊन बैलगाडीनं साखऱ्याला गेले. पोराचा बाप मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी काटेरी झाप बसवत होता. त्यानं घोंगडी अंथरली, दूध दिलं, हात जोडून समोर बसला. मास्तर तळमळून बोलले. पोरगा हुशार आहे, त्याला असं घरी ठेवू नका, हवं तर माझ्या घरी राहू दे.

"व्हय मास्तरसाब," बाप म्हणाला. "तुमी म्हणता ते बराबर हाय."

"मग कधी पाठवता?"

"तुमी म्हणसाल तवा."

परत येताना मास्तर आनंदात होते. मी याच मुलखातला, मला तेव्हाच कळलं होतं की पोरगा येत नाही. ज्या माणसाला पोर पाठवायचं असतं तो अडचणी सांगतो, वाद घालतो. नुसतं व्हय म्हणणारा नाहीच म्हणत असतो. पण हे त्यांना सांगणार कोण? गाडी कच्च्या रस्त्यानं हेलकावे खात होती आणि ते पोराला कुठलं वाक्य आधी द्यायचं ते ठरवत होते.

मिरगाच्या आधी आमच्या गल्लीतल्या बऱ्याच लोकांनी बायकापोरं पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात हलवली. शाळा बंदच पडली होती. मीही वाशीमला जायचं ठरवलं. गाडीत सामान चढलं, बायकोमुलं बसली, आणि मी मास्तरांच्या दारात गेलो.

"चला," मी म्हणालो. "वाशीमला तुमचा भाऊ आहे. गाडीत जागा आहे."

"भाऊ आहे," ते म्हणाले. "पण मी थोरला. मी म्हणेन ती पूर्व दिशा. सगळं घर माना डोलावतं. तिथं मी करू काय? आणि इथं साखऱ्याचा पोरगा आला तर?"

मला राग आला. "मास्तर, मला हे अजिबात पटत नाही."

त्यांनी मान वर केली. चेहरा असा उजळला की मीच गोंधळलो. "बसा बसा," ते म्हणाले. "का पटत नाही?"

मी उभ्यानंच सांगितलं. शाळा बंद आहे, तो पोरगा येणार नाही, बापानं त्या दिवशीच नाही म्हटलं होतं, तुम्हाला ते कळलं नाही. ते एकेक मुद्दा ऐकत होते. एखादा खोडायचे, एखाद्याला "हे बिनतोड आहे" म्हणायचे. स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा ठेवला. माझं एक वाक्य त्यांना इतकं आवडलं, की पुन्हा म्हणायला लावलं. बाहेरून बायकोनं हाक मारली, "अहो, बैल कवाचे जुंपलेत."

"मास्तर, हा वर्ग नाही," मी ओरडलोच. "मला तुम्हाला इथून न्यायचंय."

त्यांनी स्टोव्ह विझवला. मग हळूच म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर बरं वाटतंय. किती वर्षांनी कुणी असं घरात उभं राहून माझ्याशी भांडलं."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सावकाश सोडवून घेतला आणि माझ्या हातात कप दिला. तो चहा मी कसा प्यालो ते मला आठवत नाही. गाडी गल्लीच्या वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. ते दारात उभे होते आणि अजून काहीतरी बोलत होते.

पावसाळा सरत आला तेव्हा राज्य बदललं, आणि आम्ही परतलो. मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. मी ते हातात घेऊन बघत होतो, तेवढ्यात समोरून खाला आली. ओढणीनं तोंड पुसत पायरीवर बसली.

"श्रावणात ताप आला त्यांना," ती म्हणाली. "मी अन् माझा लेक पाळीनं बसलो. हकीमाची दवा दिली. न्हाई मानवली. बहुत तकलीफ झाली त्यांना. मंग गल्लीतल्या लोकांनी कयाधू नदीवर नेलं. माझा लेक बी गेला संगं."

"शाळेतलं कुणी आलं होतं का? साखऱ्याचा पोरगा?"

"कोन येते अशा दिवसांत?" ती म्हणाली. "तापात लई बोलायचे. समदं इंग्रजीत. मधीच माझ्याकडं पाहून कायतरी पुसायचे. मला काय समजते? पर पुसून राहिले येवढं कळायचं. जवाब मिळाला न्हाई की पुन्ना पुसायचे. मंग मी म्हणायची, व्हय मास्तर, तुमचं बराबर हाय. परत पुसायचे, परत मी व्हय म्हणायची. आखरीपर्यंत व्हयच म्हणत गेली. बिमार माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

तिचे डोळे भरून आले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. "बराबर केलं ना मी?"

"बरोबर केलंत, खाला," मी म्हणालो आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो.