सुनीताचा तक्ता आणि माझं शहाणपण

चहा येतोय तोवर माझा एक मूर्खपणा ऐका. माझाच आहे, त्यामुळे मोकळेपणानं हसा!

पूर्वी कसं होतं, परीक्षा संपली की सगळी भावंडं दादाच्या शेतावर, रामटेकजवळ. महिनाभर धुडगूस! आता सगळंच बदललं. आमच्या सहावीतल्या ओवीच्या शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, सुट्टी त्यानंतर. माझ्या ताईची दोन पोरं रायपूरला, त्यांच्या सुट्ट्या तिसऱ्याच. यांना सुट्टी लागली की त्यांची चाचणी! तीन वर्षं ही पोरं एकमेकांना फक्त मोबाइलवर भेटत होती.

यंदा माझ्या बायकोनं, सुनीतानं, पदर खोचला. शाळांची पत्रकं, ताईची रजा, माझं दुकान, सगळं एका तक्त्यावर मांडलं, आठवडाभर डोकं घातलं आणि जूनमधले पाच दिवस शोधून काढले. पाच! अहो, नागपूरच्या लकडगंजात माझं प्लायवूडचं दुकान आहे, मापात माप बसवणं हाच माझा धंदा. पण हे माप मला या जन्मात जमलं नसतं.

"तुम्ही फक्त गाडी चालवा," ती म्हणाली.

तेवढंच ऐकलं असतं तर!

शेतावर पहिल्या दिवशी पोरं इतकी खेळली की जेवायला बोलावून बोलावून वहिनीचा घसा बसला. मी अंगणात खाटेवर बसून दादाला माझं आवडतं भाषण ऐकवलं. "वेगळा विदर्भ पाह्यजेच! आपलं ऊन वेगळं, आपलं सगळंच वेगळं!" दादा जांभया देत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. राज्यातल्या शाळा उद्यापासून सुरू! माझ्यातला जबाबदार बाप ताडकन उठला.

"सामान भरा! उद्या पहाटे निघायचं!"

"अहो, ओवीच्या शाळेला अजून वेळ आहे ना," सुनीता म्हणाली. "ते पुरं वाचा तं खरं."

"सरकारचा कागद आहे! आता सगळंच बदलून राहिलं, तुझा तक्ता जुना झाला."

"शेवटपर्यंत वाचलं का?"

"वाचलं!" कुठलं वाचलं? पहिली ओळ!

ओवी रडायला लागली. "बाबा, तीन वर्षांनी भेटलो ना आम्ही!" ताईची पोरं तिला बिलगून बसली. मी मात्र शिस्तीवर बोलत सुटलो. सुनीतानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप पिशवी भरायला घेतली. मला वाटलं, चला, पटलं हिला.

पहाटे निघालो. वाटेत घरी थांबून ओवीला गणवेश घातला आणि थेट शाळेचं फाटक गाठलं. फाटकाला कुलूप. आत चौकीदार झाडाला पाणी घालत होता.

"काहून आले साहेब?"

"शाळा आहे ना आज!"

"आज तं पुण्या-मुंबईकडं उघडल्या. आपल्याकडं ऊन राह्यते ना, विदर्भाची तारीख मागून राह्यते. दर साली तसंच असते." मग जरा थांबून म्हणाला, "साहेब बाहेरगावचे हायेत का?"

तीन पिढ्या नागपुरात गेल्या हो आमच्या!

फोन काढला. कागदाच्या तळाशी स्वच्छ लिहिलं होतं, विदर्भ वगळून. घाम पुसत गाडीची डिकी उघडली, तर आत एकच छोटी पिशवी.

"बाकी कपडे?"

"दादांकडेच ठेवले," सुनीता म्हणाली. "दुपारपर्यंत परत जायचंच होतं. वहिनीले आपला भात टाकायले सांगून आली मी."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं तं. दोनदा."

आवाजात राग नाही, टोमणा नाही. या बाईपुढं हात जोडावेत की कान धरावेत, तुम्हीच सांगा! मी दोन्ही केलं, भर रस्त्यात. चौकीदारानं पाण्याचा पाइप खाली ठेवून पाहिलं.

ओवी गाडीत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज वेगळा विदर्भ मागता ना?"

"हो, मग?"

"सरकारनं दिला होता. तुम्ही वाचलाच नाही!"

दुपारी शेतावर पोहोचलो तोवर तिनं हे रायपूरला राहिलेल्या भाऊजींपर्यंत फोनवरून पोचवलं होतं. तेव्हापासून दुकानासमोरच्या टपरीवर विदर्भाचा विषय निघाला की मी मुकाट्यानं चहा पितो.