मामांचा इंग्रजी पाऊस

पाऊस नुसता ऐकून त्याचं इंग्रजी नाव सांगणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात एकच होता, आणि माझं नशीब असं थोर की नेमका तोच माझा सासरा झाला.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. अमेरिकन साहेब वसाहतीत राहायला आले होते आणि मामा, म्हणजे माझे सासरे, आपल्या वाडीतली केळी त्यांच्याकडे पोचवायचे. पावसात अडकले की एका मडमच्या व्हरांड्यात थांबायचे. तिथे त्यांना शोध लागला की इंग्रजीत पावसाला ढीगभर नावं आहेत. झालं! केळी राहिली बाजूला, मामा शब्द गोळा करत सुटले. अर्थ मात्र त्यांना आवाजातच लागायचा. ड्रिझल म्हणजे झिमझिम, शॉवर म्हणजे सरसर, डाऊनपोअर म्हणजे धो धो. मडम एकदा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ म्हणाली, तेव्हा हे गृहस्थ छत्री मिटून भर पावसात कान देऊन उभे! घरी येऊन म्हणाले, “मांजर नाय. कुत्रा एकच, तो पण मडमचा हाय.”

मी घाटावरचा, प्रकल्पावर नवा इंजिनियर. त्यांची मुलगी एसटीच्या थांब्यावर पाहिल्यापासून माझी झोप उडाली होती. रीतसर बघायला गेलो तो टेरिलीनचा शर्ट चढवून, आता हे पायघड्याच घालणार अशा ऐटीत. पोहे हातात पडतात न पडतात तोच मामांनी विचारलं, “तुमी शिकलेले. सांगा, ड्रिझल कसा वाजतो?” बाहेर चैत्रातलं ऊन मी म्हणत होतं. मला दरदरून घाम फुटला. मुलगी हातची गेलीच, असं वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी परातीत चिमूटचिमूट तांदूळ टाकायला लागलं. “झिमझिम!” मी ओरडलो. “डाऊनपोअर?” आत अख्खं सूप उपडं झालं. “धो धो!” मामा खूश. जावयाची अक्कल त्यांच्याच परातीत होती, हे त्यांना काय ठाऊक!

मग मामा पुढे सरकले. “आणि स्नो?”

मी कान टवकारले. आत सामसूम. तिने तरी बर्फ कुठे पाहिला होता! मी तोंडात पोहे धरून गप्प. मामांनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी म्हणाले, “जाऊ द्या, आमाला पण नाय ठाऊक. मडमला विचारलं, तर ती नुसतीच गप बसली.” आणि लग्न ठरलं.

पुढे प्रकल्पाने मला प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं. बोईसर स्टेशनवर बायको डोळे पुसत होती आणि मामा खिडकीत डोकं घालून सांगत होते, “जावयबापू, स्नो पडला की ऐकून या हां.” ऐकला की! कानटोपी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. कानाचे टोमॅटो झाले, नाक वाहायला लागलं, आणि शेजारच्या म्हातारीने दार उघडून तब्येतीची चौकशी केली.

परत आलो तेव्हा मामा अंथरुणाला खिळले होते. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. “कसा वाजतो?” त्यांनी विचारलं. हा माणूस इतके महिने आस लावून बसलेला, आणि मी आलो होतो हात हलवत.

“वाजत नाही, मामा. कितीही पडला तरी आवाजच होत नाही.”

मामा आढ्याकडे बघत राहिले. मग हळूच हसले. “म्हंजे मडमने सांगितलं होतं की! आणि त्या दिवशी तुमी पण बरोबरच सांगितलेलं.”

पुढचा पावसाळा काही त्यांनी पाहिला नाही. अजूनही कौलांवर सर आली की बायको विचारते, “हा कुठला?” मी काहीतरी ठोकून देतो, ती हसते. पाऊस थांबल्यावर मात्र आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसतो.