आधी ग्रहण

सरकारी मराठी भाषा माणसाला कुठे नेऊन सोडेल, सांगता येत नाही. मला तिने करमाडच्या पलीकडच्या एका गावात, माझ्याच मामाच्या विहिरीवर नेऊन उभं केलं.

ओळीने तिसरा कोरडा उन्हाळा होता. शहर जालना रस्त्याने शेंद्र्याकडे सरकत होतं, रोज नवा कारखाना, नवी कॉलनी, आणि त्याच रस्त्याने पाण्याचे टँकर धावत होते. मी तहसील कचेरीत नवीन लिपिक होते. ज्या खाजगी विहिरींना पाणी आहे, त्या टंचाई संपेपर्यंत ताब्यात घेऊन गावाला खुल्या करायच्या, याला आमच्या कागदावर ‘विहीर अधिग्रहण’ म्हणत. तसा एक आदेश चिकटवायला साहेबांनी मला आणि तलाठ्यांना पाठवलं. विहीर महादेवाच्या देवळामागची होती आणि तिथला पुजारी माझा मामा, हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि मामा काय करतो ते मला बघायचंच होतं.

कारण त्या विहिरीवर बौद्ध वस्तीतलं कुणी येत नसे. पाटी नव्हती, भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ‘अभिषेकाचं पाणी आहे’ एवढं म्हटलं की विषय संपायचा. वस्तीतल्या बायका टँकरची वाट बघायच्या, नाहीतर नाल्यात खड्डा करून वाटीवाटीने हंडा भरायच्या. मी मात्र लहानपणी प्रत्येक सुट्टीत तेच पाणी ओंजळीने प्यायले होते.

मामा दुष्ट माणूस नव्हता. उलट भारी गमतीचा. कुठलाही नियम सांगितला की तो त्याला पोथीतून पळवाट काढून द्यायचा. उपासाला चहा चालतो का, या माझ्या प्रश्नावर त्याने एकदा अर्धी दुपार घालवली आणि शेवटी दोन कप चहा मांडला. शब्दाची साल काढून आत काय आहे ते बघायची खोड मला त्याच्याकडूनच लागली.

मी खळ लावून कागद चिकटवला, तलाठ्यांनी मोठ्याने वाचला. कडुनिंबाखाली बसलेल्या एका म्हातारीने कान टवकारले.

“आधी गिऱ्हाण? मंग नंतर काय हाय?”

लोक हसले. तिला हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिचा हंडा भरलेला होता आणि ग्रहणातलं पाणी ठेवत नाहीत. “हे वतून देऊ का तुळस टाकू?” तिने मामालाच विचारलं.

मामा हसला नाही. त्याचे डोळे चमकले. ती चमक मला ओळखीची होती.

“म्हातारी बरोबर बोलतेय,” तो म्हणाला. “ग्रहणात सगळं पाणी गंगेसारखं, असं शास्त्र सांगतं. गंगेला कुणाचा विटाळ होतो? सरकारनं ग्रहण लावलंय, आता येऊ द्या सगळ्यांना.”

मला इतका आनंद झाला की खळीच्या हातांनी मी टाळी वाजवणारच होते. पोथी मोडली नाही, कायदाही पाळला गेला, तोही एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दावर. असला मामा कुणाला असतो, असं वाटलं.

वस्तीतली अंगणवाडीची मदतनीस बाई रिकामे हंडे घेऊन लांब उभी होती. ती पुढे आली नाही.

“गुरुजी, हे गिऱ्हाण सुटणार कधी?”

मामा चिकटवलेल्या कागदाकडे बघू लागला.

“गिऱ्हाण सुटलं की माझी आजी दारोदार दान मागायची. धर्म बदलला तवा आमी ते सोडलं. आता पाण्यासाठी पुन्हा गिऱ्हाणाकडंच बघायचं व्हय?” मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, कागदात काय लिवलंय?”

“टंचाई संपेपर्यंत सगळ्यांना खुली.”

“म्हंजी पाऊस पडला की कागद बी सुटला. आन् संविधान? त्यात इहिरीचं नाव हाय म्हणत्यात. ते बी पावसाला सुटतं का?”

“आहे का गं तसं?” मामाने मला विचारलं. टोमणा नव्हता त्यात. इतक्या पोथ्या वाचलेल्या माणसाला एक न वाचलेली ओळ सापडली होती.

“आहे,” मी म्हणाले. “सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. नावं घेऊन लिहिलंय. धर्म, जात, कशावरूनच कुणाला अडवता येत नाही.” एका दमात म्हणून गेले.

“सार्वजनिक,” मामा पुटपुटला. आता पळवाट निघणार, असं मला वाटलं. तो विहिरीच्या काठावर बसला, आत डोकावला. “ही आमच्या आजोबांची म्हणतात. पण खणली गावानं. त्यात हिच्या वस्तीतलीही माणसं होती, आजोबाच सांगायचे.” त्याने पोहऱ्याचा दोर उचलून काठावर ठेवला आणि बाजूला झाला.

बाई पुढे आली. दोर हातात घेतला, पण पोहरा लगेच सोडला नाही.

“लई पाठ हाय मॅडम तुमाला.”

“नोकरीच्या परीक्षेला होतं,” मी जरा ऐटीतच सांगितलं.

“त्याला वरीस झालं असंल.”

“दोन झाली.”

“मंग मागच्या दिवाळीला तुमी इथं आला व्हता,” ती म्हणाली. “याच काठावर बसून पाणी पेताना मी बघितलं. तवा बी पाठच व्हतं ना?”

मला भयंकर लाज वाटली. मामा माझ्याकडे बघत होता आणि या वेळी त्याच्याकडेही पळवाट नव्हती.

“पाठ होतं,” मी म्हणाले.

तिने पोहरा विहिरीत सोडला.