कणवाले

मी पेणला विज्ञान शिकवायचो आणि जवळच्या कासू गावात राहायचो, तेव्हाचे हे माझे शेजारी. भातशेतीच्या एका बांधावरून त्यांचा सख्ख्या चुलतभावाशी अलिबागच्या कोर्टात दावा चालू होता. त्यामुळे जगातला कुठलाही वाद ते कोर्टाच्या हिशेबानंच ऐकत आणि तंबाखू मळून झाल्याशिवाय मत देत नसत.

एकदा त्यांच्या ओट्यावर मी बोलून गेलो, की प्रकाश कणांचा बनलाय की ती लाट आहे, यावर शास्त्रज्ञ शेकडो वर्षं भांडले. त्यांनी तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाले, "आपण कणवाले. कण कसा हातात घावतो. लाटेला कसला आलाय सातबारा?"

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ लाटवाला झाला. लाटेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हे कणवाले आहेत, एवढं त्याला पुरे होतं.

तेव्हापासून मी स्टेशनवरून परतताना दिसलो, की शेतातून हाक यायची, "काय मास्तर, निकाल लागला का नाय?"

मी टाळत राहिलो. शेवटी एका संध्याकाळी, झालं तर यांचंही भलं होईल म्हणून सांगून टाकलं, "लागलाय. दोन्ही बाजू खऱ्या. प्रकाश कणही आहे आणि लाटही."

ते तंबाखू मळत राहिले. मळून मळून तिची पूड झाली. मला वाटलं, आता अलिबागचा दावाही मिटतोय.

"मास्तर," ते म्हणाले, "हा निकाल ज्यानं दिलान, त्याला चुलतभाऊ नसणार."