चारशे वर्षांचं मौन

आमच्या तारनाक्याच्या बिल्डिंगमध्ये प्रभाकर उजागरे यांच्यासारखा वेळेचा पक्का माणूस दुसरा नाही. दूधवाला चुकेल, पाणी चुकेल, उजागऱ्यांचं फिरायला निघणं चुकत नाही. मूळ जालन्याचे ख्रिस्ती, सगळी नोकरी इथे रेल्वेच्या हिशेब खात्यात झाली आणि निवृत्तीनंतर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिले.

मी पद्मावती, त्यांची शेजारीण. आमचे लोक निजामाच्या काळापासून इथलेच, त्यामुळे माझ्या मराठीत दख्खनी मिसळते आणि ती उजागऱ्यांना टोचते. मी "हौ" म्हटलं की ते "होय" म्हणतात. ते माझी मराठी सुधारतात, मी त्यांची भाजी सुधारते. त्यांची बायको रत्नमाला गेल्यापासून त्या घरात मीठ किती घालायचं हे कुणालाच ठाऊक नाही.

त्यांच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी उपासना व्हायची. डिसेंबरातला उपदेश दरवर्षी उजागरे करत आणि विषयही दरवर्षी एकच, मशीहा नेमका तेव्हाच का आला? त्याची रंगीत तालीम माझ्यासमोर व्हायची. मी मेथी निवडत ऐकायची. चर्चची पायरी मी कधी चढले नाही, पण उपदेश मला तोंडपाठ आहे. जुना करार संपतो, शेवटचा संदेष्टा गप्प होतो आणि पुढची चारशे वर्षं देवाकडून एक शब्द येत नाही. लोकांना वाटलं, देव आपल्याला विसरला. पण त्या मौनात तयारी चालू होती. ग्रीक भाषा देशोदेशी समजू लागली, रोमनांनी रस्ते बांधले, लढाया थांबल्या. बातमी धावायला वाट मोकळी झाली, काळ पूर्ण भरला आणि तेव्हा तो जन्मला. "आधी नाही, नंतर नाही. देवाला उशीर होत नाही, बाई," असं म्हणून उजागरे चष्मा पुसत.

यंदा मराठी उपासना बंद झाली. रेल्वेतली मराठी कुटुंबं निवृत्त होऊन पुण्याला, जालन्याला गेली. उरलेल्यांच्या मुलांना तेलुगू नाहीतर इंग्रजी बरी पडते. चर्चचा पाळक भला माणूस, तो म्हणाला, अंकल, तुम्ही तेलुगू उपासनेत या. उजागरे गेले, मागच्या बाकावर बसले आणि परत आले. त्या दिवशी ते फिरायलाही गेले नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात उजागरे उभे. काळा कोट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, हातात उपदेशाचे कागद.

"ऐकाल का?" त्यांनी विचारलं.

नाही कसं म्हणणार? ते माझ्या फ्रिजशेजारी उभे राहिले, मी सोफ्यावर बसले. "बंधू-भगिनींनो," त्यांनी सवयीने सुरुवात केली, मग खोलीभर नजर फिरवली आणि घसा खाकरला. मला हसू यायला हवं होतं. पण रडूच आलं. एका माणसाचं बोलणं समजणारी माणसं गावात एवढी कमी व्हावीत?

ते चारशे वर्षांपाशी आले. "देव गप्प होता, पण तो योग्य वेळेची वाट..." आणि माझं डोकं तापलं. कारण त्यांच्या स्वतःच्या घरातलं मौन मला माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वी रत्नमालाच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा. त्यांची एकुलती एक मुलगी रेणू पायात चपला घालून तयार होती. उजागरे म्हणाले, नाताळ होऊ दे, प्रार्थना करू, देव त्याची वेळ दाखवील. नाताळ झाला. नवं वर्ष लागलं आणि रत्नमाला गेली. मातीहून परत आल्यावर रेणू माझ्यादेखत म्हणाली, "पप्पा, देवाच्या वेळेची वाट तुम्ही पाहिलीत. आईला तेवढं थांबता आलं नाही." बॅग उचलली आणि अंबरपेठेत खोली घेऊन राहिली. नारायणगुड्याच्या एका शाळेत ती शिकवते. अंबरपेठ म्हणजे काय लंडन आहे? ऑटोत बसलं तर पुडीतले शेंगदाणे संपत नाहीत एवढ्यात येतं. पण बाप गेला नाही, लेक आली नाही, फोनसुद्धा नाही. मी विषय काढला की उजागऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "योग्य वेळ आली की देव तिला आणील."

"थांबा भाऊ," मी उपदेशाच्या मध्येच बोलले. "चारशे वर्षं गप्प कोण होतं?"

"देव."

"मग शेवटी लोक उठून त्याच्याकडे गेले का?"

"नाही, नाही. तोच आला."

"हौ ना! एवढा मोठा असून तोच आला. आणि तुम्ही बाप असून इथे बसलात, देवाने लेक आणून पोचवावी म्हणून! देव काय कुरिअरवाला आहे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ज्याच्याकडे बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही, त्यालाच मी फाडकन तोडलं होतं. उजागऱ्यांनी कागदांची घडी केली. पुन्हा उलगडले. पुन्हा घडी केली.

"आता ऑटो मिळेल का?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही येता का सोबत? मला एकट्याला जमायचं नाही."

पत्ता माझ्याकडे होता. रेणूने दार उघडलं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि उजागरे तिकडेच पाहत राहिले. "या मावशी," ती मला म्हणाली. आत एकच खुर्ची होती. तिने ती मला दिली, पाणी दोघांना दिलं. उजागरे पाणी न पिता उभेच होते.

"रेणू," ते म्हणाले, "ती देवाची वेळ नव्हती. मी घाबरलो होतो. तुझ्या आईला कापतील, ती टेबलावरच जाईल, असं वाटायचं. तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून देवाचं नाव पुढे केलं."

रेणूने हातातला ट्रे खाली ठेवला.

"तेव्हा एवढं म्हणाला असतात ना पप्पा, तर मी भांडलेच नसते," ती म्हणाली. "मीही घाबरले होते. मला वाटायचं, या घरात घाबरलेली मी एकटीच आहे."

मिठी वगैरे काही झाली नाही. चहाही झाला नाही. आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "नाताळला मी येईन असं धरून चालू नका."

"नाही धरत," उजागरे म्हणाले.

आम्ही जिना अर्धा उतरलो असू. वरून तिचा आवाज आला, "पोचलात की फोन करा. माझा नंबर तोच आहे."

परतीच्या ऑटोत उजागरे एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही, आणि माझ्यासाठी ही लहान गोष्ट नाही. घरी आल्यावर दिवासुद्धा न लावता ते खुर्चीत बसले, मोबाईल हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी दारात उभी होते. आता ते पुन्हा योग्य वेळ शोधत बसले तर मी काय करणार होते, देव जाणे.

त्यांनी नंबर लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिकडून फोन उचलला गेला.

"पोचलो," उजागरे म्हणाले.

त्यापुढे त्यांना काही सुचलं नाही. तिलाही सुचलं नसावं, कारण ते नुसते कानाला फोन लावून बसून राहिले. पण ठेवला कुणीच नाही. मी त्यांचं दार ओढून घेतलं आणि माझ्या घरी आले.