सावली नसलेली जागा

ओल्या सिमेंटचा वास आला की मुरबाडकडची आमची वस्ती आठवते. गावात वीज होती, वस्तीत नव्हती, आणि माझं दहावीचं वर्ष होतं; रात्री अभ्यास कशाच्या उजेडात करायचा, याचंच ओझं होतं. सरकारी सौरदिव्याचा एकच खांब आला, तोही गावातल्या वडाखाली लावायचं ठरलं. फिटर वर बघून म्हणाला, “इथं ऊनच नाय. बॅटरी भरायची कशी? उघडी जागा दाखवा.” मागे उभी असलेली आई पुढे झाली. “आमच्या वस्तीत चला, दादा. तिथं झाडाचं पानबी नाय.” सरपंच हसले, “मग काय, न्या.” तरी खड्ड्यात सिमेंट पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढे आठवडाभर आईने विहिरीवरून हंडे आणून तो पाया भिजवला. नंतर पदवीही मिळाली, पण छातीवरचं ओझं उतरलं ते खड्ड्यात सिमेंट पडलं त्या दुपारीच.